गाडी म्हणजे नेमकी कोणती? चित्रांवरून इंग्रजी शिकवताना

"ताई, गाडीला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?" वर्गातल्या एका मावशींनी विचारलं आणि मी 'कार' असं सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्या जरा रुसूनच आल्या. ज्यांच्याकडे त्या पोळ्या करतात, त्या मॅडमना त्यांनी "माय सन बॉट कार" असं सांगितलं होतं आणि मॅडम म्हणे बघतच राहिल्या. मुलानं घेतली होती जुनी स्कूटर. चूक माझी. पुण्यात "गाडी कुठे लावलीस?" असं कुणी विचारलं की ते दुचाकीबद्दलच असतं, आणि मी स्वतः हे वाक्य दिवसातून दोनदा बोलते. शिवाय गाडी सकाळची मुंबईची असते, भाजीची असते, वडापावची असते, बैलांचीही असते. मराठीत सगळ्या गाड्याच. इंग्रजीत प्रत्येकीचं नाव वेगळं. त्या संध्याकाळी मी फळ्यावर पाच गाड्या काढल्या. माझी चित्रकला बेताची आहे, वडापावची गाडी तर देव्हाऱ्यासारखी दिसत होती. तरी प्रत्येकीखाली एकेक शब्द लिहिल्यावर जो उलगडा झाला, तो मला दहा मिनिटं बोलूनही करता आला नसता.

दांडेकर पुलाजवळ एका खोलीत आमचा वर्ग भरतो. आधी पाचवी ते आठवीची मराठी शाळेतली मुलं, आणि साडेसातनंतर मोठी माणसं: घरकाम करणाऱ्या बायका, एक वॉचमन काका, अधूनमधून एखादा डिलिव्हरीवाला. मुलांना इंग्रजी पहिलीपासून आहे, कारण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून ते पहिलीत सुरू झालं. मोठ्यांच्या वेळी ते पाचवीत यायचं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची शाळा तोवर सुटलेली. दोन्ही गटांना मी चित्रांवरून शिकवते. चित्रं फक्त बालवाडीत, हा समज मावशींनी पहिल्या आठवड्यातच मोडीत काढला. दुसरा समज जास्त चिवट आहे: चित्र दाखवलं की शब्द आपोआप डोक्यात शिरतो. तसं होत नाही. चित्र कोणतं, कशाच्या शेजारी ठेवलेलं, आणि ते दाखवून विचारलं काय, यावर सगळं असतं.

आपल्या सगळ्यांची चित्रांशी पहिली गाठ अंकलिपीत पडते. ग गणपतीचा, ण बाणाचा. 'ण'नं सुरू होणारा रोजचा शब्दच नाही म्हणून तिथे बाण येतो आणि 'ण' शेवटी लपून बसतो. इंग्रजी तक्त्यातही हेच होतं. 'आय'साठी इग्लू, 'वाय'साठी याक आणि 'एक्स'साठी झायलोफोन, ज्याचा उच्चारच मुळी 'झ'नं सुरू होतो. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलानं इग्लू पाहिलेलं नाही, झायलोफोन वाजवलेला नाही, आणि याकचं त्याला काही करायचंही नाही. पण तक्त्याचा हेतू अक्षर ओळखवण्याचा आहे, शब्द शिकवण्याचा नाही. घोळ होतो तो आपण तोच तक्ता भाषा शिकवायला वापरतो तेव्हा. मग सफरचंद हातात धरून "व्हॉट इज धिस?" विचारलं की मूल छातीठोकपणे उत्तर देतं: "ए फॉर ॲपल." त्याच्या लेखी त्या फळाचं संपूर्ण नावच ते आहे.

भाषा शिकवण्यासाठी चित्रं मुद्दाम रचण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस नावाच्या चेक धर्मोपदेशकानं १६५८ साली न्यूरेंबर्गहून मुलांसाठी एक पुस्तक काढलं, 'ऑर्बिस पिक्टस'. त्यात दीडशे प्रकरणं. प्रत्येकात वर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना बारीक आकडे, खाली एका रकान्यात लॅटिन वाक्यं आणि शेजारच्या रकान्यात जर्मन, आणि दोन्हीकडे तेच आकडे. मुलानं तीन नंबर वाचला की वर तीन नंबर शोधायचा. सुतार, बेकरी, ढग, शरीर, घर, असं सगळं जग त्यात. लॅटिन-इंग्रजी आवृत्ती पुढच्याच वर्षी निघाली, म्हणजे इकडे प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली त्या १६५९ साली. त्या पुस्तकातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीची अक्षरमाला. तिथे अक्षरापुढे प्राण्याचा आवाज आहे: कावळा ओरडतो त्याचा, कोकरू बें करतं त्याचा. चित्र पाहून मूल जो आवाज काढतं तोच अक्षराचा आवाज. झायलोफोनपेक्षा हे किती शहाणपणाचं! आणि दुसरं म्हणजे त्यानं मातृभाषा बाहेर ठेवली नाही. चित्र, ओळखीची भाषा आणि नवी भाषा, तिन्ही एकाच पानावर.

आता चित्रानं लक्षात का राहतं, ते पाहू. १९६७ साली रॉजर शेपर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोकांना सहाशेच्या वर चित्रं एकेक करून दाखवली, आणि नंतर दोन-दोन चित्रं समोर ठेवून विचारलं, यातलं पाहिलेलं कोणतं? शंभरातली ९७ च्या आसपास उत्तरं बरोबर आली. शब्दांच्या बाबतीत हा आकडा ९० च्या आसपास राहिला. १९७३ मध्ये लायोनेल स्टँडिंगनं हाच प्रकार थेट १०,००० चित्रांपर्यंत नेला, आणि तरीही लोकांनी दहापैकी आठाहून अधिक वेळा बरोबर चित्र ओळखलं.

कॅनडातल्या ॲलन पेव्हिओनं १९७१ च्या आपल्या पुस्तकात याचं एक कारण मांडलं. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर आपल्या डोक्यात दोन वह्या आहेत, एक शब्दांची आणि एक दृश्यांची. 'ब्रूम' हा शब्द नुसता ऐकला तर तो एकाच वहीत उतरतो. 'ब्रूम' ऐकताना कोपऱ्यातला झाडू डोळ्यांसमोर असेल तर दोन्ही वह्यांत नोंद होते आणि एका वहीतलं पान हरवलं तरी दुसरीतून सापडतं. 'न्याय', 'सवय', 'जरी' अशा शब्दांची दृश्यांच्या वहीत नोंद करायची तरी काय, हा प्रश्न उरतोच. त्याकडे नंतर येते.

इथे दोन सूचना, कारण या आकड्यांचा फार गैरवापर होतो. एक, पाहिलेलं ओळखणं वेगळं आणि आठवून बोलणं वेगळं. झाडूचं चित्र ओळखणाऱ्या मुलीला 'ब्रूम' म्हणता येईलच असं नाही. त्यासाठी तिनं ते तोंडानं म्हणायला हवं, चित्र झाकून म्हणायला हवं, आणि परवा परत म्हणायला हवं. दोन, "माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे" असं सांगणारे पालक मला दर जूनमध्ये भेटतात. मुलांचे असे प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्यानं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असं हेरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यास तपासून लिहिलं. चित्राचा फायदा व्हायचा असेल तर तो सगळ्यांनाच होतो, तुमच्या मुलालाही.

मला चित्रांचा खरा उपयोग कळला तो मात्र स्मरणशक्तीच्या वाटेनं नाही. तो कळला जिथे मराठीनं जग एका जागी कापलंय आणि इंग्रजीनं दुसऱ्या जागी, तिथे. गाडी हे त्याचं ठळक उदाहरण. अशी पुष्कळ आहेत.

बोट घ्या. हातालाही बोटं, पायालाही बोटं. इंग्रजीत हाताचं 'फिंगर' आणि पायाचं 'टो'. "टो म्हणजे बोट" असं सांगितलंत तर मूल उद्या टोला अंगठी घालेल. पंजा आणि पाऊल शेजारी शेजारी काढा, प्रश्न संपला. सावली: वडाखाली आपण बसतो ती 'शेड', आणि उन्हात आपल्या मागे मागे येते ती 'शॅडो'. घड्याळ: मनगटावरचं 'वॉच', भिंतीवरचं 'क्लॉक'. उलटंही असतं. डब्यातला तांदूळ, ताटातला भात, आणि मावळातल्या शेतात उभं असलेलं भातसुद्धा इंग्रजीत बहुतेक वेळा 'राइस'च. तीन फोटो आणि मध्ये एकच शब्द. वॉचमन काका हे पाहून म्हणाले, "इंग्रजांनी भात फारसा खाल्ला नसणार."

'वर' हा शब्द तर मला स्वतंत्र तास घेऊन शिकवावा लागतो. टोपी डोक्यावर, पंखा डोक्यावर, पूल नदीवर. मराठीत तीनही ठिकाणी 'वर'. इंग्रजीत टोपी 'ऑन', पंखा 'अबव्ह', पूल 'ओव्हर'. भाषांतर केलं की तिघांची खिचडी होते. मी चार चित्रं काढते. डोक्याला टेकलेली टोपी. डोक्यापासून लांब पंखा, मधल्या मोकळ्या जागेत खडूनं दुहेरी बाण. मुठेच्या या काठापासून त्या काठापर्यंत पूल. आणि चौथं, छताला उलटी चिकटलेली पाल. मी विचारते, पाल छताच्या वर आहे की खाली? खाली. तरी इंग्रजीत ती 'ऑन द सीलिंग'. मग मुलांनाच सापडतं की 'ऑन'चा संबंध उंचीशी नाही, टेकण्याशी आहे. भिंतीवरचं कॅलेंडर 'ऑन द वॉल' का, हे नंतर कुणाला सांगावं लागत नाही. हा नियम मी तोंडी सांगितला असता तर तो वहीत गेला असता. पालीनं तो डोक्यात घातला.

याहून बारीक, आणि मराठी माणसाला हमखास पाडणारी जागा म्हणजे चित्रातली क्रिया. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा फोटो दाखवून "काय करतोय?" विचारा. मराठीत आपण म्हणू "तो बसलाय". 'बसतोय' म्हटलं तर तो अजून बसण्याच्या क्रियेत आहे, गुडघे वाकलेत, बूड टेकायचंय. म्हणून आमची मंडळी इंग्रजीत म्हणतात "ही सॅट", आणि इंग्रजी मागतं "ही इज सिटिंग". साडीचंही असंच. फोटोतली बाई तयार होऊन उभी असेल तर मराठीत "तिनं साडी नेसलीय", इंग्रजीत "शी इज वेअरिंग अ सारी". 'साडी नेसतेय' आणि 'वेअरिंग' यांची जोडी लावली की चूक झालीच, कारण निऱ्या घालत असलेली बाई 'वेअरिंग' नाही, ती 'पुटिंग ऑन'. यावर उपाय म्हणून एका मावशींनी स्वतःच तीन फोटो काढून आणले: खाटेवर घडी घातलेली साडी, अर्धवट निऱ्या, आणि तयार होऊन दारात उभी असलेली त्यांची सून. वर्तमानकाळाच्या कोष्टकाचा मी एक शब्दही उच्चारला नाही.

जाता जाता: साडी नेसतात, झब्बा घालतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. या सगळ्याला इंग्रजीकडे एकच 'वेअर'. लग्नातला एक ग्रुप फोटो पुरतो. आणि वर्गाला फार बरं वाटतं, की चला, कुठेतरी आपली भाषा श्रीमंत निघाली.

तर चित्र एवढं उपयोगी, मग अडचण कुठे आहे? अडचण ही की चित्र बोलत नाही. तुम्ही चरणाऱ्या गाईचं चित्र दाखवून 'काऊ' म्हणालात. समोरच्यानं काय समजावं? गाय, पांढरी, चरणं, जनावर, शिंगं, की 'बघ'? क्वाइन या तत्त्वज्ञानं १९६० साली हाच पेच सशाचं उदाहरण देऊन मांडला होता: अनोळखी भाषेतला माणूस सशाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, तर तो शब्द सशाचाच कशावरून? तत्त्वज्ञानात हा पेच अजून चघळतात. वर्गात त्यावर साधा इलाज आहे. एक चित्र कधीच दाखवायचं नाही. 'रेड' शिकवायचं तर लाल मिरची, लाल फेटा, लाल एसटी. तीन वस्तूंत सारखं एवढंच, म्हणजे शब्द त्याचाच. आणि लगेच एक हिरवी मिरची: "नॉट रेड." हे 'नाही'चं चित्र बहुतेक शिक्षक विसरतात, आणि अर्थ खरा बांधला जातो तो त्यानंच.

प्रश्नांचीही उतरंड असते. नवा माणूस पहिल्याच दिवशी बोलेल अशी अपेक्षा धरायची नाही. लहान मूल घरात ऐकत ऐकत वर्ष काढतं, मग बोलतं. मोठ्यांनाही तशी सवलत हवी. चित्र समोर असलं की तोंड न उघडता उत्तर देता येतं, आणि घाबरलेल्या माणसाला याचं केवढं मोल असतं ते मी पाहिलंय. आधी "शो मी द बकेट", त्यानं बोट ठेवायचं. मग "इज धिस अ बकेट?", हो की नाही. मग "बकेट ऑर मग?", दोनातून एक निवडायचा, शब्द मीच पुरवलेला. त्यानंतर "व्हॉट इज धिस?" आणि कितीतरी दिवसांनी "व्हाय इज शी अँग्री?" मी पाहिलेल्या पुष्कळ वर्गांत सुरुवातच चौथ्या पायरीवरून होते, मुलं गप्प बसतात आणि बाई म्हणतात, मुलांना काही येत नाही.

मोठ्या चित्रावर आख्खा आठवडा काढायची एक पद्धत आहे. ती एमिली कॅलहून या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९९ च्या पुस्तकात सविस्तर मांडली. वाचायला-लिहायला शिकणाऱ्यांसाठी आहे, पण आमच्याकडे उत्तम चालते. मी त्यासाठी महात्मा फुले मंडईच्या आतल्या गाळ्यांचा एक फोटो मोठा छापून घेतला आणि पांढऱ्या कार्डशीटच्या मधोमध चिकटवला. चारी बाजूंना कोरी जागा हवी, हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं आणि दिसेल ते सांगायचं, मराठीतही चालेल. कुणी म्हणालं कांदे; मी कांद्यापासून समासापर्यंत रेघ ओढली, 'अनियन्स' लिहिलं, एकेक अक्षर म्हणत. तागडी, वजनं, पोती, गाळ्यावर बसलेल्या आजी, दिव्याची वायर, मांजर. मांजर मला दिसलंच नव्हतं. पंचवीस-तीस शब्द सहज झाले. दुसऱ्या दिवशी तेच शब्द रेघेवरून बोट फिरवत वाचायचे; शब्द अडला की रेघेवरून चित्राकडे जायचं, उत्तर तिथे आहे. तिसऱ्या दिवशी शब्दांच्या चिठ्ठ्या करून गट पाडायचे. इथे मुलं कमाल करतात. मी 'भाज्या' आणि 'माणसं' असे गट धरून चालले होते. एका मुलीनं 'एस लावलेले' आणि 'एस न लावलेले' असे केले, म्हणजे अनेकवचन तिला स्वतःच सापडलं. दुसऱ्यानं 'ब'नं सुरू होणारे वेगळे काढले: बॅग, बल्ब, बास्केट. मग वाक्यं, मग वाक्यांचा क्रम, आणि शेवटी फोटोला शीर्षक. मुलांनी बहुमतानं ठरवलं: 'द कॅट इन द मार्केट'. इतक्या भाजीवाल्यांत मथळा मिळाला मांजराला.

फोटो मंडईचा घेतला त्यामागे कारण होतं. तयार मिळणाऱ्या चित्रात 'मार्केट' म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या आणि गोरा माणूस पाव विकतोय. इंटरनेटवर 'ब्रेकफास्ट' शोधलं तर अंडी, टोस्ट आणि संत्र्याचा रस. त्यावर आमच्या वर्गाला बोलण्यासारखं काही नसतं. "धिस इज ब्रेड" म्हटलं की विषय संपला. पोह्यांचा फोटो ठेवा, लगेच वाद सुरू होतो, बटाटा घालायचा की नाही, आणि वादासाठी 'आय लाइक', 'आय डोन्ट लाइक', 'टू मच ऑइल' हे सगळं लागतं. परदेशी चित्रं वर्ज्य आहेत असं नाही. ज्यांना पुढे इंग्रजी वाचायचंय त्यांना टोस्टही कळायला हवा. पण बोलायला शिकताना चित्रातलं जग ओळखीचं असेल तर डोक्याचा सगळा भार भाषेवर टाकता येतो.

चित्र वाचणं हीसुद्धा शिकलेली गोष्ट आहे, हे आपण शाळेत गेलेली माणसं विसरतो. तक्त्यावर मुंगी आणि हत्ती एकाच मापाच्या चौकटीत असतात. वाकड्या रेघा म्हणजे हालचाल, डोक्यावरचा ढग म्हणजे विचार, फुली म्हणजे मनाई: हे सगळे संकेत कुणीतरी शिकवलेले आहेत. चार चित्रांची गोष्ट डावीकडून सुरू करायची हेही मराठी-इंग्रजी वाचणाऱ्याचं गृहीत. उर्दू माध्यमात शिकणारं मूल ती उजवीकडून लावू शकतं, आणि मग त्याच्या गोष्टीत फुटलेली बरणी अखंड होते. त्यानं इंग्रजी चुकवलेलं नसतं. चौकटींना आकडे घाला, झालं.

सजावटीची चित्रं हा आणखी एक छळ. शब्दाच्या बाजूला फुलपाखरू, कोपऱ्यात हसणारा सूर्य, मधे नाचणारी अक्षरं. रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र दाखवून शिकवण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि त्यातून निघालेल्या दोन गोष्टी मी कायम पाळते: ज्याचा विषयाशी संबंध नाही ते काढून टाका, आणि शब्द चित्राला चिकटून लिहा, पानाच्या तळाशी नको. डोळे वर-खाली धावण्यात जी शक्ती जाते ती शिकण्यातूनच वजा होते. म्हणून आमच्या तक्त्यांवर फुलपाखरं नाहीत. मुलांना ते थोडं कंजूष वाटतं.

आता ते 'जरी', 'न्याय', 'सवय'. मातृभाषा वर्गात अजिबात येऊ द्यायची नाही, सगळं वस्तू, चित्रं आणि हावभावांतून, असा एक पंथ आहे. १८७८ साली अमेरिकेत पहिली शाळा काढणाऱ्या मॅक्सिमिलियन बर्लिट्झमुळे तो जगभर पसरला. मी त्या पंथातली नाही. 'ऑलदो'साठी चित्र शोधण्यात मी एकदा अख्खी दुपार घालवली: पाऊस, छत्रीशिवाय धावणारा मुलगा, वगैरे. वर्गाला वाटलं 'ऑलदो' म्हणजे भिजणं. "'ऑलदो' म्हणजे जरी" एवढं म्हटलं असतं तर तीन सेकंदांत झालं असतं. चित्र तिथे वापरावं जिथे मराठी शब्द दिशाभूल करतो. जिथे मराठी शब्द चपखल बसतो, तिथे चित्र हा द्राविडी प्राणायाम.

मोठ्यांसाठी सगळ्यांत चांगला खेळ मी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून उचललाय: सहा फरक ओळखा. फक्त मी दोन्ही चित्रं एकीलाच देत नाही. दोघी पाठीला पाठ लावून बसतात, प्रत्येकीकडे एकेक चित्र, दुसरीचं बघायचं नाही. "इन माय पिक्चर, टू कप्स ऑन टेबल. यू?" "नो, थ्री कप्स." समोरच्याला खरोखर माहीत नसलेली गोष्ट सांगायची असते, म्हणून बोलणं खरं होतं. सगळ्यांना दिसणारा कप दाखवून "व्हॉट इज धिस?" विचारण्यात तसा अर्थ नसतोच, विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असतं. मावशी त्यातला फोलपणा बरोबर ओळखतात. एकीनं मला तोंडावर विचारलं होतं, "तुम्हाला दिसत नाही का, ताई?"

चित्र कधी काढून घ्यायचं, हे मला उशिरा कळलं. पहिली दोन वर्षं माझे तक्ते भिंतीवर कायम टांगलेले असायचे, आणि मुलं उत्तर देताना भिंतीकडे बघायची. सहामाहीला भिंत नव्हती. आता नवा तक्ता आठवडाभर राहतो. मग शब्द कागदाच्या पट्ट्यांनी झाकते, चित्र उघडं. नंतर चित्र पालथं, आणि वर्गानं मिळून आठवायचं: गाळ्यावर डावीकडे काय होतं, आजींच्या हातात काय होतं. भांडणं होतात. भांडण इंग्रजीतच करायचं हा नियम, तोडला तर एक रुपया डब्यात.

गेल्या महिन्यात त्याच स्कूटरवाल्या मावशी फोनवर बोलत खोलीत शिरल्या. पलीकडे त्यांच्या मॅडम होत्या आणि किल्ली सापडत नव्हती. "नो, नो, नॉट इन ड्रॉवर. ऑन. ऑन द फ्रिज. अबव्ह नाही, ऑन." मग फोनवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "ताई, डब्याच्या मागे, त्याला काय?"

'बिहाइंड'चा तक्ता अजून काढायचा राहिलाय.